प्रतिक्रियेला उत्तर : आंबिल ओढा, भिंत आणि तुमचा सूर

पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठावर बांधकाम नको, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘हे भावनिक रडगाणं आहे. दोन्ही बाजूंनी पक्की भिंत घातली की प्रश्न मिटला, काठची जागाही वापरात येते. पेशव्यांनीही ओढा वळवलाच होता. जमीनमालकांनी का भोगायचं? आणि तुम्ही तरी कर भरता का?’

मतभेद समजू शकतो. ‘रडगाणं’ कशासाठी? पद्मावतीला या ओढ्याकाठी मी लहानाचा मोठा झालो. पावसाळ्यात पाणी करंजांच्या बुंध्यापर्यंत पसरायचं, पाऊस थांबला की ओसरायचं. घरात कधी शिरलं नाही. ज्याने हा ओढा फक्त पुलावरून, गाडीच्या काचेतून पाहिलाय, त्याने निदान शब्द जपून वापरावेत.

पेशव्यांचं म्हणता ते खरं आहे. नानासाहेबांच्या काळात ओढा अडवून पर्वतीखाली तळं झालं, प्रवाह वळला. पण वळवलेल्या ओढ्यालाही पसरायला जागा होती. तुम्ही तीच काढून घ्या म्हणताय.

आता तुमची भिंत. कात्रजच्या डोंगरातलं पाणी दांडेकर पुलाकडे उतारानेच येतं. पात्र आवळलं की त्याची उंचीही वाढते आणि वेगही. वरची सोसायटी सुटते, लोंढा खालच्या वस्तीच्या दारात जातो. काठची मुळं, गवत, भुसभुशीत माती तो वेग मोडतात. सिमेंटला ते जमत नाही. शिवाय बाजूच्या गल्ल्यांचं पाणी ओढ्यात उतरणार कुठून? ते भिंतीमागे तुंबतं, भराव फुगतो आणि भिंतीला रेटतो.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंतच माणसांवर कोसळली. सकाळी मी आमच्या जुन्या गल्लीत गेलो होतो. गाळाची रेघ खिडकीच्या गजांच्याही वर. जिन्याखाली दुचाक्या एकमेकींत अडकलेल्या. शेजारच्या काकू भिजलेले तांदूळ परातीत उपसत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून ‘प्रश्न मिटला’ म्हणून दाखवा!

जमीनमालकांच्या मोबदल्याचा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही. कर भरतो की नाही, याचं उत्तर तुम्हाला द्यायला मी बांधील नाही.

महापालिकेने ओढ्याची हद्द दगड रोवून जागेवर दाखवावी आणि तिच्या आत राडारोड्याची एक पाटीही पडू देऊ नये, ही माझी मागणी लेखात होती. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. त्यावर लिहा. सूर हाच ठेवणार असाल, तर मात्र पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.