‘पंधरा दिवस पथ्यावर काढा’ म्हणणाऱ्यांना

मे 2025 मध्ये युद्धाच्या तयारीचं मॉक ड्रिल जाहीर झालं, त्या आठवड्यात आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तो अजून फिरतोय. म्हणणं असं: युद्ध पेटलं तर डायलिसिसवाल्यांनी पंधरा दिवस पथ्यावर काढावेत, हॉस्पिटलांत जनरेटर आहेतच, आणि मशिनं आधी जखमींसाठी मोकळी करावीत. किडन्या निकामी झाल्यामुळे माझे बाबा सहा वर्षं डायलिसिसवर आहेत, म्हणजे त्यांचं रक्त मशीनने शुद्ध करावं लागतं. मला हे वाचून सोडून देता येत नाही.

आधी पंधरा दिवसांचं. बाबांना आता लघवी जवळपास होतच नाही. दिवसभराचं पाणी आई सकाळी स्टीलच्या तांब्यात मोजून ठेवते. गोळ्यांबरोबरचा घोट, चहा, आमटी, सगळं त्यातच धरायचं. फारच घसा सुकला तर बर्फाचा खडा. एवढं करूनही दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन-अडीच किलो चढतं. ते सगळं अंगात साठलेलं पाणी. आणखी वाढलं की फुप्फुसात उतरतं आणि माणसाला आडवं पडता येत नाही. पोटॅशियम तर गुपचूप चढतं आणि हृदय बंद पाडतं. एखादं डायलिसिस चुकलं तर कडक पथ्यावर दोन-तीन दिवस निभावतात, हे मान्य. पण डायलिसिस पूर्ण बंद केलेला पेशंट सरासरी आठवडा-दहा दिवसच जगतो. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांचा नेहमीचा दोन दिवसांचा खंड संपतो, त्या दिवशीच मृत्यू जास्त दिसले होते.

गाझात हे घडलंच आहे. 2023 च्या युद्धाआधी तिथे डायलिसिसचे हजारभर पेशंट होते. नंतर बऱ्याच जणांची डायलिसिस आठवड्याला तीनावरून दोनावर आली, तासही कापले गेले. 2025 च्या मध्यापर्यंत त्यांतले 40 टक्क्यांहून अधिक दगावले, असं तिथल्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं.

जनरेटरचं उत्तर अर्धंच आहे. मशीन चालतं ते पाण्यावर. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. दहा मशिनं, तीन पाळ्या धरल्या तर दिवसाला 3,600 लिटर, आणि आरओमधून वाया जाणारं वेगळं. भातसा-वैतरणेहून येणारी जलवाहिनी फुटली तर टँकर मागवू, असं कुणी म्हणेल. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात 1996 साली टँकरचं नीट शुद्ध न केलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं. त्यात शेवाळाचं विष होतं. पन्नासहून जास्त माणसं गेली, तीही शांततेच्या काळात. शिवाय डायलायझर (रक्त गाळणारी नळी), ट्यूबिंग, रक्त गोठू न देणारं हेपरिन, सुया हे सगळं रस्त्याने येतं. रस्ता बंद झाला की जनरेटर नुसता धडधडत राहणार.

आता जखमींचं. मशिनं त्यांनाही लागतील, हे खरंच आहे. 1941 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना डॉक्टरांनी पाहिलं की ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून मरतात. चिरडलेल्या स्नायूंतलं द्रव्य किडनीत जाऊन बसतं. म्हणजे युद्धात डायलिसिसची गरज वाढते. मशिनं वाढवायची, पाण्याचा साठा करायचा, कुठल्या पेशंटला कुठल्या सेंटरला न्यायचं ते आधीच ठरवायचं, हा त्यावरचा उपाय. आधीच मशीनवर असलेल्याला उठवून घरी पाठवणं म्हणजे एकाचा जीव दुसऱ्याला देणं.

डायलिसिसचं मशीन मुळात युद्धातच घडलं. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी ते 1943 मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या वापरून बनवलं. त्यावर 1945 मध्ये वाचलेली पहिली पेशंट नाझींना साथ दिली म्हणून कैदेत असलेली बाई होती. कोल्फ यांनी तिलाही मशीनवर घेतलं. 1949 चा चौथा जिनिव्हा करारही जखमी आणि आजारी दोघांना एकाच वाक्यात संरक्षण देतो.

त्या मेसेजनंतर मी बाबांच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड ठेवलं आहे. कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं) किती, फिस्टुला (सुया टोचायला तयार केलेली शीर) डाव्या हाताला, रक्तगट, कावीळ आणि एचआयव्हीचे शेवटचे रिपोर्ट, डायलायझर कोणता. अनोळखी सेंटरला पेशंट न्यायची वेळ आली तर तिथे हेच आधी विचारतात.