‘आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्या वाचकांना

मेक्सिकोचा बॉक्सर हुलिओ सेसार चावेझवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: ‘भक्तिभाव आवरा. टेलरची हरलेली लढत रेफरीने ताटात वाढून दिली, व्हिटेकरची परीक्षकांनी. आधीचे निम्मे प्रतिस्पर्धी टिनपाट. यूट्यूबवर बघून बॉक्सिंगवर लिहिण्याआधी अभ्यास करा.’

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘भक्तिभाव’, ‘आवरा’, ‘अभ्यास करा’ ही भाषा कुठली? दोन ओळींत तीन टोमणे आणि मुद्दा म्हणाल तर एक. सुरुवातीचे बरेच प्रतिस्पर्धी कच्चे होते, हे मान्य. उलट तुम्हाला न सापडलेलं मीच सांगतो: 1981 मध्ये कुलियाकानला मिगेल रुइझविरुद्ध चावेझ आधी अपात्र ठरून हरला होता आणि निकाल नंतर फिरवला गेला. झालं समाधान?

आता टेलर. 17 मार्च 1990, लास वेगास. बाराव्या, म्हणजे शेवटच्या राउंडचे दोन सेकंद उरलेले असताना रेफरी रिचर्ड स्टीलने लढत थांबवली आणि चावेझ जिंकला. तीनपैकी दोन परीक्षकांकडे मेल्ड्रिक टेलर स्पष्ट पुढे होता, म्हणजे घंटा वाजली असती तर तोच जिंकला असता. हे माझ्या लेखात होतं. वाचलंत का?

पण ‘ताटात वाढून दिली’? टेलर खाली पडला, दोर धरून उठला. स्टीलने आठपर्यंत आकडे मोजले आणि ‘ठीक आहेस ना’ असं विचारलं, एकदा नव्हे दोनदा. टेलरची नजर कॉर्नरकडे, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांच्या कोपऱ्याकडे. तिथे त्याचा प्रशिक्षक लू डुवा रिंगच्या कडेवर चढून आरडाओरडा करत होता. उत्तर आलंच नाही. रेफरीने माणसाकडे बघायचं की घड्याळाकडे? नंतर रुग्णालयात कळलं की टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलंय आणि बरंच रक्त पोटात गेलंय. शिवाय राउंड जिंकायलाच हवा असं सांगून त्याला पाठवलं होतं त्याच्याच कॉर्नरने! लांब राहून तीन मिनिटं काढ म्हणाले असते, तर आज तुम्हाला मला शिकवायची संधीच मिळाली नसती.

यूट्यूबचं म्हणाल, तर कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळलोय. बरगडीखाली उजव्या बाजूला डावा हुक बसला की काय होतं ते मला ऐकीव माहीत नाही. ठोसा लागतो, क्षणभर वाटतं, काही झालं नाही. मग पाय आपले राहत नाहीत. डोकं शाबूत असतं, आकडे ऐकू येतात, उठायचंय हेही कळतं, फक्त श्वास खाली उतरत नाही. चावेझ आयुष्यभर हाच ठोसा विकून जेवला. टेलर अकरा राउंड गुणांनी जिंकत होता आणि त्याच वेळी आतून संपत होता. गुणपत्रिकेत हे दिसत नाही. तुमच्या अभ्यासात बहुधा गुणपत्रिकाच असाव्यात.

व्हिटेकरबद्दल वाद घालत नाही, सॅन अँटोनियोला परीक्षकांनी दिलेली त्या लढतीची बरोबरी मलाही गिळत नाही. पण ‘टिनपाट’ म्हणताना चावेझने हरवलेले एडविन रोसारिओ, रॉजर मेवेदर हे विश्वविजेते आठवले नाहीत का? त्याचा प्रतिस्पर्धी ग्रेग हॉगेननेही लढतीआधी चावेझने टिहुआनाचे टॅक्सीवाले हरवलेत असं म्हणून घेतलं होतं. 1993 मध्ये अझ्टेका स्टेडियमवर एक लाख तीस हजारांहून जास्त माणसांपुढे पाचव्या राउंडमध्ये हॉगेनला वाचवायला लढत थांबवावी लागली. टॅक्सीवाले फारच दणकट असावेत, असं तो नंतर स्वतःच म्हणाला. हे त्याचं कौतुकास्पद. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवत नाही.

ऑस्कर डी ला होयाकडून चावेझ हरला त्याचा दाखला देणारी तुमची दुसरी प्रतिक्रियाही माझ्याकडे आली आहे. त्या लढतीच्या वेळी, 1996 साली, चावेझ 33 वर्षांचा होता आणि पहिल्याच राउंडमध्ये त्याच्या डोळ्यावरून रक्त वाहू लागलं होतं, एवढं त्यात जोडा. शेवटची ‘लेखक महाशय’वाली ओळ काढून पाठवा, लगेच प्रसिद्ध करतो.