दोन भाऊ, दोन कम्प्युटर अन् कापसात गेलेली वायर

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली पण भिंतीत एक बारकी खिडकी ठेवली, कारण आई म्हणाली, भाजीची वाटी द्यायले का मी रस्त्यानं फिरून जाऊ? तेव्हापासून वाटी, पेपर, सायकलचा पंप, पाचशेचे सुट्टे, सगळं त्या खिडकीतून जातं-येतं. या जानेवारीत पहिल्यांदा एक वस्तू त्या खिडकीत अडकली, ती म्हणजे पुतणीच्या साक्षगंधाचा व्हिडिओ.

झालं असं की शूटिंगवाल्यानं तो व्हिडिओ माझ्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला, एकच फाइल, ११ जीबी. संध्याकाळी सोयरे येणार होते आणि दादाच्या बैठकीत मोठा टीव्ही त्याच्या कम्प्युटरला जोडलेला आहे, त्यावर तो दाखवायचा होता. मी म्हटलं त्यात काय, पेनड्राइव्ह हाय ना. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यातले २५ रिकामे, आणि तरी तो म्हणतो फाइल फार मोठी आहे. दादाला हे काही केल्या पटेना.

"पंचवीस पोत्याची जागा हाय अन् अकरा पोते मावत नाहीत? कोणाले शिकवून राहिला बे?"

आता त्याला कसं सांगू की पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात जागा किती का असेना, एक फाइल ४ जीबीच्या वर तो घेतच नाही. गोदाम मोठं पण दार बारीक, पोतं पोतं करून न्याल तर जाईल, आख्खी बैलगाडी जायची नाही. पेनड्राइव्ह नव्यानं फॉरमॅट करून घेतला असता की मिटलं असतं, पण त्यात दादाची चार वर्षांची भजनं होती आणि भजनाला हात लावायची आमच्या घरी कोणाची टाप नाही.

वहिनी आलूबोंड्यांचे आलू सोलता सोलता म्हणाल्या, "भाऊजी, लॅपटॉपच इकडं आणून ठेवा ना." मी आणि दादा दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं. मी शाळेत संगणक खोलीचा चार्ज सांभाळतो, तीन वर्षं झाली. दोन कम्प्युटर पंधरा फुटांवर, मध्ये एक भिंत, आणि मी लॅपटॉप उचलून नेऊ? दादाला म्हटलं नेटवर्कवर शेअर करतो, पाच मिनिटांत होते.

माझा लॅपटॉप विंडोज ११ चा. दादाचा कम्प्युटर २०१२ साली पुतण्यासाठी घेतलेला, विंडोज ७, म्हणजे ज्याचं अपडेट येणं १४ जानेवारी २०२० लाच बंद झालं. पुतण्या शिकून पुण्याला गेला पण कम्प्युटर राहिला. त्यात होमग्रुप नावाची सोय आहे, घरातले कम्प्युटर एकमेकांना जोडायची, मी मोठ्या उत्साहानं ती उघडली आणि मग आठवलं की माझ्या इकडे ती नाहीच, विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटमध्येच ती काढून टाकली. म्हणजे थोरला अजून एकत्र कुटुंबात आहे अन् लहान्याला असं काही होतं हेच माहीत नाही.

मग दोन्हीकडे 'नेटवर्क' उघडून पाहिलं. माझ्यात फक्त माझा लॅपटॉप दिसून राहिला, दादाच्यात फक्त दादाचा. भाऊबंदकीत असतं तसंच, आपापल्या दारात खाट टाकून बसायचं आणि समोरचा माणूस दिसतच नाही असं धरून चालायचं.

दादाच्या कम्प्युटरवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग मारलं, म्हणजे कम्प्युटरचा नेटवर्कमधला नंबर विचारला, तर आकडा आला १६९.२५४ नं सुरू होणारा. माझ्याकडे १९२.१६८. इथं मला खरंच आनंद झाला, कारण एवढं मला येतं. राऊटरनं नंबर दिला नाही की विंडोज आपल्या मनानंच १६९.२५४ चा नंबर लावून घेते. रेशन दुकानात नाव नाही म्हणून घरीच कार्ड छापून घेतल्यासारखं, कार्ड हातात असते पण त्यावर तांदूळ मिळत नाही.

"दादा, तुह्याकडं नेट चालू हाय का?"

"नाही ना. पंधरा-वीस दिवस झाले. मी मोबाइलवर पाह्यतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कुठी?"

राऊटर माझ्याकडे आहे, त्यातून एक निळी लॅन केबल माळ्यावरून भिंतीपलीकडे जाते आणि दादाच्या कोपऱ्यातल्या खोलीतून बैठकीत येते. त्या कोपऱ्यातल्या खोलीत दादाचा कापूस भरलेला. भाव वाढते म्हणून ठेवलेला, छातीपर्यंत ढीग, आणि केबल त्याच्या खालून. ज्यानं घरात कापूस ठेवला नाही त्याला काय सांगायचं, दिसायला मऊ मऊ ढग अन् आत शिरलं की दहा मिनिटांत मानेपासून पोटरीपर्यंत अशी खाज सुटते की माणूस स्वतःचं शिक्षण विसरतो. मी अन् दादा, दोघं बनियनवर, ढिगात हात घालून वायर चाचपून राहिलो. दादाला आधी एक खुरपं सापडलं, मग वहिनींचं हरवलेलं एक जोडवं (ते पाहून वहिनी आलू सोडून आल्या आणि केबलचा विषय अर्धा तास मागे पडला), आणि मग केबल.

दादाच्या बाजूच्या टोकापासून हातभर अंतरावर उंदरानं कुरतडलेली. मी उजेडात नेऊन पाहिली. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. निळी आणि तपकिरी जोडी साबूत, नखही लागलेलं नाही. केशरी अन् हिरवी अर्धवट तुटलेली, कधी लागते कधी नाही अशी, तांबं चमकून राहिलं. आता गंमत अशी आहे की आमच्या राऊटरसारख्या १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, एक, दोन, तीन आणि सहा नंबरच्या, म्हणजे नेमकी केशरी आणि हिरवी जोडी. बाकीच्या दोन जोड्या खाल्ल्या असत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता. त्या उंदराला आमच्या शाळेत घ्यायला पाहिजे, संगणक खोलीचा चार्ज देऊन टाकतो.

शाळेतलं क्रिम्पिंगचं, म्हणजे केबलच्या टोकाला पिन दाबून बसवायचं पक्कड आणलं. कुरतडलेलं टोक कापलं, निळं साल सोललं, आठही तारा सरळ केल्या आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणत लावल्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्या वेळी हिरव्याच्या जागी निळा गेला. दुसऱ्या वेळी रंग बरोबर पण एक तार पुढपर्यंत पोहोचली नाही, चष्मा वर करून पाहिलं तेव्हा दिसलं. तिसऱ्या वेळी दादा बॅटरी धरून उभा होता आणि मधूनमधून मान खाजवत होता, आणि जमलं. केबल हातभर आखूड झाली म्हणून टेबल हातभर सरकवला, म्हणून टीव्हीची वायर आखूड पडली, म्हणून टीव्हीही सरकवला. पण दिवा लागला, हिरवा, लुकलुक करणारा.

आता दादाच्या कम्प्युटरवरून माझ्या लॅपटॉपला पिंग केलं. काहीच उत्तर नाही.

"पिंग म्हंजे?"

"म्हंजे हाक मारून पाह्यची."

"अन् तो ओ देत नाही?" दादा खिडकीतून माझ्या लॅपटॉपकडे असं पाहायला लागला की जसं काही त्यानं पंगतीत उठून जावं.

चूक माझीच होती. वायफाय पहिल्यांदा जोडलं तेव्हा लॅपटॉपनं विचारलं असणार, नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट, आणि मी न वाचता पब्लिक ठेवलं असणार. पब्लिक म्हटलं की लॅपटॉप असं वागतो की आपण एसटी स्टँडवर बसलो आहे, पाकीट आतल्या खिशात, कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. प्रायव्हेट केलं, फाइल शेअरिंग चालू केलं, लगेच उत्तर आलं. पण पिंगला ओ मिळाली तरी घरात घ्यायचं की नाही हे वेगळंच असतं. नावानं गेलो तर शून्य-एक्स-८००७००३५, रस्ता सापडत नाही. दादानं तो आकडा खताच्या पावतीमागं लिहून घेतला, कर्ज खात्याचा नंबर लिहावा तसा. नावाऐवजी आयपी नंबर टाकला तर दार उघडलं आणि आतून विचारलं, युजरनेम आणि पासवर्ड?

तेवढ्यात पुतण्याचा पुण्याहून फोन. "काका, एसएमबी वन ऑन करून टाका, जुन्यासाठी तेच लागते." एसएमबी म्हणजे कम्प्युटरांची आपसात फाइली द्यायची-घ्यायची भाषा, आणि वन म्हणजे तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. मी म्हटलं बाबू, ते नाही. विंडोज ७ ला त्याच्या पुढचं एसएमबी येतं, आणि २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा तो व्हायरस जगभर पसरला तो त्याच एसएमबी वनच्या भोकातून. घरी एक उंदीर पुरे.

मी माझा चार आकडी पिन टाकला. नाही. पुन्हा टाकला. नाही. दादा म्हणे, "सोताच्या घरचाच नंबर इसरला का?" तर तसं नव्हतं, पिन हा फक्त त्याच लॅपटॉपसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून यायचं तर खऱ्या खात्याचा पासवर्ड पाहिजे. आणि खरा पासवर्ड मी लॅपटॉप घेतला त्या दिवशी एकदा टाकला होता, त्यानंतर रोज पिन. म्हटलं पासवर्डच बंद करून पाहुण्यासारखं आत येऊ दे, तर तेही नाही, विंडोज ११ च्या माझ्या आवृत्तीत पाहुणा म्हणून प्रवेश बंद आहे. आणि बरोबरच आहे म्हणा, पण पाच वाजले होते, आलूबोंडे कढईत पडले होते आणि माझी पाठ खाजून खाजून लाल झाली होती.

शेवटी माझ्या लॅपटॉपवर 'दादा' नावाचं वेगळं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला. आता तरी? आता फोल्डर दिसते पण उघडत नाही. त्याचंही कारण आहे, दोन परवानग्या असतात, एक शेअरची, एक खुद्द फोल्डरची, आणि दोन्हींत जी कडक ती चालते. फाटक उघडलं तरी घराची कडी आतून लागलेली. इथं माझा धीर सुटला. ते एकेक फोल्डरचं सोडलं आणि आख्खा डी ड्राइव्हच शेअर केला, शाळेचे निकाल, सातबारे, फोटो, शेतीचा हिशोब, जे असेल ते. दोन्ही ठिकाणी 'एव्हरीवन', पुढे 'फुल कंट्रोल', ओके, ओके, ओके.

आणि फाइल चालायला लागली. सेकंदाला ११ एमबी, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं. ती हिरवी पट्टी पाहता पाहता दादाला शकुंतला रेल्वे आठवली, मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटरला चार-चार तास लागत, आणि आमचे आजोबा त्या गाडीनं जाताना दोन बिड्या जास्तीच्या घेत. दादानं सुपारी काढली. ७० टक्क्यांवर पट्टी थांबली तेव्हा दोघांनीही श्वास धरला, मग पुन्हा निघाली.

सोयरे आले, व्हिडिओ लागला, पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी पाहिला, मग आलूबोंडे आले आणि कापसाच्या भावावर बोलणं गेलं. चांगली झाली बैठक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश करत होतो तर खिडकीतून दादाचा आवाज.

"अबे, तुह्या डी मंदी 'दादाकडून येणे' नावाची फाइल हाय."

माझ्या तोंडात फेस. दादा माझ्या हिश्श्याचं वावर वाहतो आणि खर्चाचा हिशोब मी ठेवतो, ठेवतो म्हणजे मनातल्या मनात ठेवतो असं त्याला सांगितलेलं.

"त्याच्यात रोटावेटरचे अठराशे नव्हते. म्या देल्ले होते. अन् निंदणाले बाया अकरा नाही, नऊच होत्या. म्या टाकून देल्लं सारं बरोबर."

"कुठं टाकलं?"

"तथीच. फुल कंट्रोल होता ना. सेव्ह बी केलं."

तोंड न धुता जाऊन लॅपटॉप उघडला. खाली बेरीज होती, माझ्याकडून दोन हजार तीनशे चाळीस निघत होते. फाइलचं नावही बदललेलं होतं: दादाले देणे.