‘पन्नासपेक्षा कमी’ म्हणजे मतिमंद नव्हे : खुलासा

ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (मुलांना रोजची कामे व हालचाली जमाव्यात म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या) चाचणीत पन्नासपेक्षा कमी गुण मिळालेले मूल मतिमंद ठरते आणि शाळेतून त्याचे नाव कमी होते, असा संदेश विदर्भातील गावांमधून सध्या पालकांच्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

संदेशातील पन्नासचा आकडा बहुधा ‘बीओटी-२’ या चाचणीवरून आला असावा. ४ ते २१ वर्षे वयासाठीची ही चाचणी हालचालींचे कौशल्य मोजते, बुद्धी नव्हे. आणि तिच्यातील ५० हा आकडा शंभरपैकी गुण नसून त्या वयाच्या मुलांची सरासरी आहे, त्यामुळे ४१ ते ५९ या टप्प्यातले मूल सर्वसाधारणच मानले जाते.

शिवाय ही सरासरी अमेरिकेतील मुलांवरून काढलेली आहे. कात्रीने वर्तुळ कापणे हा तिच्यातील एक भाग. मेळघाटातील ज्या मुलाने कात्री कधी हातात धरलेली नाही आणि ज्याला सूचना कोरकूऐवजी मराठीत मिळाली, त्याचा कमी गुणांक सवयीचा व भाषेचाही असू शकतो. म्हणून जाणकार थेरपिस्ट केवळ आकड्यावर विसंबत नाही; मूल जेवते कसे, बटणे लावते का, अंगणात खेळते कसे, हे आईला आणि अंगणवाडीताईंना विचारतो. (घाईच्या शिबिरात नेमके हेच राहून जाते.)

अपंगत्वाचे प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नेमलेले वैद्यकीय प्राधिकारीच देतात. नाव कमी करण्याचा तर प्रश्नच नाही, कारण याच कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा त्याहून अधिक) असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे.