बारा सूत

माझी उंची सहा फूट दोन इंच. घरात तिचा उपयोग माळ्यावरचे डबे काढण्यापलीकडे कधी झाला नाही आणि घराबाहेर नुसता त्रास. लग्नाच्या फोटोत कायम मागच्या रांगेत, हॉटेलातल्या पलंगावर कायम तिरका. त्यात सासऱ्यांनी मला त्यांची १९८१ची येझदी मोटरसायकल दिली.

सासरे, म्हणजे आमचे मामा, पाच फूट चार. गाडी बरोब्बर त्यांच्या मापाची. मी बसलो की गुडघे टाकीच्या वर डोकावतात. हँडल पूर्ण वळवायचं तर आधी त्या बाजूच्या गुडघ्याला बाहेर काढून वाट करून द्यावी लागते. कोल्हापुरात राजारामपुरीतून रंकाळा तलावावर गेलो की उतरल्यावर पहिली चार पावलं मी बसलेल्या आकारातच टाकतो. रंकाळ्यावर फिरायला आलेली मंडळी सहानुभूतीनं बाजूला होतात.

मामांनी गाडी दिली ती काही जावयाच्या प्रेमानं ओथंबून नव्हे. डॉक्टरांनी त्यांना गुडघ्याची झीज सांगितली. पाय फार दुमडायचा नाही, किक तर मारायचीच नाही, अशी ताकीद दिली. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून जन्म काढलेल्या माणसानं मग चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि ती सोडायच्या आत अट घातली.

"जावईबापू, गाडीत काय बी बदलायचं न्हाई. कंपनीनं दिलीय तशीच ऱ्हायली पायजे."

कंपनी म्हणजे म्हैसूरची आयडियल जावा. तिनं १९६१पासून चेकोस्लोवाकियाच्या जावा गाड्या इथे बनवल्या, १९७३पासून त्यांवर येझदी हे नाव घातलं आणि १९९६ला तिचा कारखाना बंद पडला. नाव इराणातल्या याझ्द शहरावरून, कारण मालक मंडळींचे पूर्वज तिकडचे. म्हणजे बुद्धी चेक, नाव इराणी, बांधणी म्हैसुरी आणि गुडघे कोल्हापुरी. यात नेमकी तक्रार कुणाकडे करायची? तरी मामांच्या लेखी कंपनीचे साहेब अजून खुर्चीत बसलेत आणि कोल्हापुरात कुणी वायसर बदलला की त्यांना उचकी लागते.

दुचाकीवर माणूस तीन ठिकाणी टेकतो. बूड सीटवर, हात मुठींवर, पाय फूटरेस्टवर. या त्रिकोणात मावलात तर ठीक. हँडल उंच करून गुडघ्यांना काही फरक पडत नाही. सीट उंच करायची तर कुशनवाल्यानं जो आकडा सांगितला त्यावर मी "विचारून सांगतो" म्हणालो. हे वाक्य आमच्याकडे कायमचा निरोप घेताना वापरतात. शिवाय सीट वर गेली असती तर बायकोला मागे बसायला स्टूल लागलं असतं. राहता राहिला फूटरेस्ट. तो खाली न्यायचा. बजेट दोन हजार, कारण त्याच महिन्यात गिझर गेला होता आणि गरम पाण्यापुढे माझ्या गुडघ्यांची बाजू घरात कुणीही घेतली नाही.

चहाच्या गाड्यावर विषय काढला ही चूक झाली. कोल्हापुरात तांबडा रस्सा आणि दुचाकी या दोन विषयांवर मत नसलेला माणूस अजून जन्मायचा आहे. एकानं फूटरेस्ट मागे घ्यायला सांगितलं, रेसच्या गाडीसारखा. दुसऱ्यानं पुढे घ्यायला सांगितलं, हार्लेसारखा. तिसऱ्याचा सल्ला गाडी विकून बुलेट घ्यायचा. आरटीओच्या दारात फॉर्म भरून देणारे एक काका गंभीर झाले. "कलम बावन्न माहीत आहे का? आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल चालत नाही." मी घरी जाऊन आरसी बुक वाचलं. त्यात इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे. फूटरेस्टची उंची नाही. सरकारला त्यात रस नव्हता. मामांना होता.

फूटरेस्ट मागे-पुढे नेणं येझदीत का जमत नाही, हे ज्यानं ती चालवली त्यालाच कळेल. हिची गिअरची लिव्हर आणि किक एकच. डाव्या बाजूला लिव्हर पुढे असते तोवर ती गिअर. तीच आत दाबून वर फिरवून मागे घेतली की किक. एका तुकड्यात दोन कामं उरकणाऱ्या त्या चेक इंजिनिअरचं मला कौतुक आहे, पण त्यानं माझी वाट बंद केली. इतर गाड्यांत गिअरची लिव्हर दात्यांवरून उपसून दुसरीकडे बसवता येते, मध्ये एखादा रॉड जोडता येतो. इथे तसला रॉड जोडून किक मारली तर पहिल्यांदा रॉड जाईल आणि मग नडगी. म्हणजे लिव्हर जिथे आहे तिथेच राहणार आणि पायानं तिच्या आसपासच राहायचं. जायचं तर फक्त खाली.

शेवटी शिवाजी उद्यमनगर गाठलं. एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसऱ्यात नुसते नटबोल्ट. शेतीपंपाची इंजिनं ज्या गावात बनली त्या गावाला माझा फूटरेस्ट म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला, बॅटरी मारून बघितलं आणि तिथूनच विचारलं, "किती खाली पायजे?"

"दोन इंच."

"दोन इंच न्हाई. बारा सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणजे दीड इंच. "आणि उरलेले चार सूत?"

"ते स्पीडब्रेकरला."

माझी योजना सोपी होती. फूटरेस्टचा आडवा बार सोडवायचा, मध्ये लोखंडी पट्ट्या घालायच्या आणि खाली पुन्हा बोल्ट मारायचा. मिस्त्रीनं ती ऐकली, मान डोलावली आणि खोडून काढली. फूटरेस्टचा बार इंजिनाच्या पोटाखालून आडवा जातो. पट्ट्यांनी तो सगळाच खाली येणार आणि दोघं बसून निघालं की आमच्या गल्लीतल्या पहिल्याच ब्रेकरवर टेकणार. बाराचा मधला भाग आहे तिथेच ठेवून नुसती दोन्ही टोकं खाली वाकवायला हवीत. पण मामांचा बार तापवायचा? कंपनीचा? मला दरदरून घाम फुटला. मिस्त्री म्हणाला, "मग दुसरा आणा की भंगारातनं. ह्यो घरात ठेवा देव्हाऱ्यात."

भंगारात साडेतीनशेला बार मिळाला. कुठल्याशा येझदीचा असावा. गंज होता, पण सरळ होता. मूळ बार सोडवायला मात्र रात्रभर बोल्टांवर डिझेल ओतून ठेवावं लागलं. सकाळी १७ नंबरच्या पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे पहिला कुरकुरला. तिथे माझ्या वजनाचा पहिल्यांदाच सत्कारणी उपयोग झाला. तो बार मी रॉकेलनं पुसला, 'पुढारी'च्या रविवार पुरवणीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. तिथे घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही.

मग तापवणं. मिस्त्रीनं बार शिकंज्यात आवळला, वाकवायची जागा खडूनं आखली आणि गॅसची ज्योत लावली. लोखंड आधी निळं झालं, मग काळपट लाल, मग केशरी. खडूची रेघ तेवढी पांढरी राहिली होती. त्यानं टोकावर हातभर पाण्याचा पाइप चढवला आणि कुल्ल्यानं हळूच रेटा दिला. जोर नाही, ओरड नाही. बार आपणहून खाली आला. मी कौतुकानं पाण्याचा मग उचलला तर त्यानं हातच धरला. "पाणी मारू नगा, ठिसूळ हुतंय. आपलं आपण थंड हुंदे."

दुसरी बाजूही अशीच. मग फरशीवर ठेवून पट्टीनं मोजलं तर उजवी बाजू दोन सूत जास्त खाली.

"हे सारखं नाही, मिस्त्री."

"माणसाचं पाय तरी कुठं सारखं असत्यात?"

यावर उत्तर नव्हतं. मी तसाच उभा राहिल्यावर त्यानं कंटाळून पुन्हा ज्योत लावली आणि एक सूत परत घेतलं. उरलेलं एक सूत आहे तसंच आहे. ते मी कुणाला सांगत नाही.

बोल्ट नवे घ्यायला लावले. "डोक्यावर आठ-आठ लिवलेलं बगून घ्या," म्हणाला. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. त्यातला पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण. ब्याण्णव किलोचा माणूस खड्डा आला की दोन्ही पायांवर उभा राहतो, तेव्हा या आकड्याला अर्थ येतो. बोल्टांचे नव्वद, तापवण्याचे तीनशे, काळ्या रंगाचे एकशेवीस. बारासकट आठशे साठ. मधल्या चहाचा आकडा घरात सांगण्यासारखा नाही.

बसून बघितलं. गुडघे टाकीच्या खाली! हँडल दोन्ही बाजूंना वळलं! मागून बायको म्हणाली, "आता माणसासारखे बसलात." लग्नाला इतकी वर्षं झाली, अशी दाद पहिल्यांदाच मिळाली.

आनंद पन्हाळ्याच्या चढापर्यंत टिकला. पाय खाली गेला, लिव्हर होती तिथेच राहिली. त्यामुळे गिअर वर उचलायला पंजा पुरेना. त्यावर मी लिव्हरच्या टोकावर गॅसच्या नळीचा तुकडा चढवला होता, जाड, केशरी. पंजा पुरू लागला, तो इतका की सुटेचना. आणि येझदीचा क्लच अर्धा आपोआप असतो. लिव्हर हलली की आतला क्लच आपला आपण सुटायला लागतो, हात लावायची गरज नाही, आणि क्लच सुटला की इंजिनाचा जोर चाकापर्यंत जात नाही. चढावर बुटाचं टोक त्या केशरी नळीला खालून टेकून होतं. इंजिन कोकलतंय, धूर निघतोय आणि गाडी मात्र ढिम्म. शेजारून उसाचा रिकामा ट्रॅक्टर पुढे गेला. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून गाणं बंद केलं. घरी येऊन नळी उभी कापून अर्धी काढली. मागच्या ब्रेकचं पायडल रॉडवरचा नट फिरवून खाली घेतलं, ते एका दमात झालं. या प्रकरणात एवढं एकच.

आणि मामा आले. रविवारी, न कळवता. टाइमकीपरला कळवून यायची सवय नसते. पाणी न पिता ते गाडीभोवती फिरले आणि केशरी नळीपाशी थांबले.

"शेगडी बी बसवलीय का?"

मी गप्प. ते वाकले. बार बघितला, बोल्टांवरचे आठ-आठ वाचले. मग काही न बोलता सीटवर बसले. पाय फूटरेस्टवर कसेबसे पोचत होते, नुसते चवडे. आता आवाज चढणार म्हणून बायको दार लावून घ्यायला उठली. मामा मात्र गुडघ्याकडे बघत होते. पाय उचलला, ठेवला. परत उचलला, परत ठेवला.

"किक मारा."

मी मारली. मामा कोपऱ्यावरून वळले ते आलेच नाहीत. तासाभरानं कसबा बावड्याहून फोन आला. "जावईबापू, गुडगा अजिबात दुकला न्हाई. पाय कसा सरळ ऱ्हातोय! डाक्टरला काय कळतंय?" मग जरा थांबून, "कंपनीचा बार टाकला न्हाई न्हवं?"

"नाही मामा. माळ्यावर आहे."

"ऱ्हाऊंदे तितंच. जपून ठेवा."

किकवरची डॉक्टरांची बंदी मात्र त्यांनी शब्दशः पाळली आहे. सकाळी मी केएमटीच्या बसनं बावड्याला जातो, किक मारतो आणि मामा निघतात. मंडईत गाडी बंद करत नाहीत, धुरात उभं राहूनच मेथी निवडून घेतात. मला पोचायला जरा उशीर झाला तर ते फाटकात मनगटावरचं घड्याळ वर करून उभे असतात. काल उशीर झालाच.

"उद्यापासनं सातची केएमटी धरा," म्हणाले, "तुमच्यामुळं कोथिंबीर संपली."