खुलासा : ‘शंभर मुळं पाठ करा, डिक्शनरी सोडा’ हा मेसेज अर्धाच खरा

जळगाव-धुळ्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘इंग्रजीची १०० मूळरूपं पाठ करा, कुठल्याही शब्दाचा अर्थ आपोआप निघेल, डिक्शनरी लागणार नाही.’ घरी अहिराणी किंवा भिली बोलणारी, इंग्रजी उशिरा हाती आलेली आपली पोरं यावर विसंबतात, म्हणून हे लिहितोय.

मुळं उपयोगी आहेत, यात वाद नाही. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, हे कळलं की रावेरच्या केळीच्या एक्स्पोर्टबरोबर इम्पोर्ट आणि ट्रान्सपोर्टही लक्षात राहतात.

पण ‘पेड’ घ्या. पेडल, पेडेस्ट्रियन यांतलं ‘पेड’ लॅटिन, अर्थ पाय. पेडियाट्रिशियनमधलं ग्रीक, अर्थ मूल. नुसतं पाठांतर असेल तर बालरोगतज्ज्ञ पायाचा डॉक्टर ठरतो. ‘इन’ म्हणजे नकार, हेही दर वेळी खरं नाही. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. पेट्रोलच्या टँकरवरचा हा शब्द उलट्या अर्थाने घेतला तर जिवाशी खेळ होईल. टेरिबल आणि टेरिफिक दोन्ही ‘भीती’ या एकाच लॅटिन मुळातले, आज मात्र एक वाईट, दुसरा उत्तम.

त्याच मेसेजमधलं ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे साफ चूक. तो ‘न्यू’पासूनच आला, आणि जुन्या स्पेलिंगमध्ये आणखी एक ‘ई’ होता.

मुळावरून अंदाज जरूर बांधा. मग डिक्शनरीतली व्याख्या आणि तिथलं उदाहरणाचं वाक्य वाचून तो तपासा.