भिंतीचा फोटो, भावकीचा दावा

भिंतीचा फोटो काढायला ढग लागतात, हे कुणाला सांगू नये. परवा डिचोलीकडे एका आजोबांना सांगितलं, अजून डोकं फिरलेलं आहे.

धंदा साधा. गेममधल्या घरांना, गडांना चिकटवायला भिंतींची टेक्श्चर, म्हणजे फोटोवरून केलेली पृष्ठभागाची चित्रं, करतो. फोटोत ऊन उतरलं की सगळं वाया, कारण गेममधला सूर्य कुठंही गेला तरी चिऱ्यावरची सावली आपली जुन्याच बाजूला. श्रावणात पावसानं उसंत दिली, आभाळ मात्र भरलेलं, आणि समोर शेवाळलेली जांभ्याची भिंत. ट्रायपॉड लावला, रंग जुळवायची चोवीस चौकोनांची पट्टी भिंतीला टेकवली. तेवढ्यात छत्री आली. छत्रीखाली आजोबा.

"तुला भावानं पाठवलं?"

"कुणाच्या भावानं?"

"माझ्या. मोजणीची पट्टी आणलीस, म्हणून विचारतो."

मी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे भिंत कॉम्प्युटरात जाणार. तिथं ती कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याच्या कडा एकमेकींत बेमालूम मिळवायच्या, मग भिंत हवी तेवढी लांबवता येते."

"हवी तेवढी?" छत्री मिटली. "मग त्याच्या विहिरीपलीकडे ने."

नाही म्हणालो, तर सुनेला हाक गेली. खराटा आला, बादली आली. "पाहुण्याच्या फोटोत शेवाळ बरं दिसत नाही." अहो, मला तेच हवं होतं! तोवर निम्मी भिंत घासून झाली. ओला चिरा चकाकतो, म्हणून लेन्सवर चकाकी मारणारा पोलरायझर फिल्टर चढवला, तर ढग फाटून ऊन आलं. बुकॅनन नावाच्या साहेबानं मलबारात हाच दगड पाहून त्याला लॅटराइट म्हटलं, ते १८०७ मध्ये छापूनही आलं. त्याच्या पुढ्यात कुणी खराटा चालवला नसावा.

पणजीत फोंतेन्हासच्या रंगीत भिंतींना टेकून पर्यटक दिवसभर तिरके उभे असतात, त्यांना कुणी भावाचं नाव विचारतं का? आणि एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, "नेटवर फुकट मिळतात की." मिळतात. पॉली हेवन नावाच्या साइटवर कुठलीही अट न घालता मिळतात, आणि संताप याचा की चांगली असतात. पण मग मला फोन कशाला करता? वर पैसे द्यायच्या वेळी, "फोटोच तर आहे."

निघताना आजोबांनी नंबर मागून घेतला. रात्री फोन.

"वकील म्हणतो, फोटोत सावलीच नाही, किती वाजता काढला ते कोर्टाला कसं कळणार? ऊन पडलं की परत ये. आणि भावाच्या बाजूनं काढ. तिकडचं शेवाळ अजून घासलेलं नाही."